दारू सोडायची आहे, पण मीटिंग कुठं भरते? विदर्भातल्या खेड्यातून एएपर्यंत कसं पोचायचं

तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून पानठेलेवाल्याला दारू कुठं मिळते असं विचारलं, तर तो मान न वळवता बोट दाखवेल, मग तो जिल्हा दारूबंदीचा का असेना. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग कुठं भरते हे त्याला सांगता येणार नाही. एए स्वतःची जाहिरात करत नाही आणि मेंबरांची नावं बाहेर सांगत नाही. तिची स्वतःची इमारतही क्वचितच असते. मीटिंग भरते शाळेच्या रिकाम्या वर्गात, चर्चच्या आवारातल्या खोलीत, दवाखान्याच्या हॉलमध्ये नाहीतर समाजभवनात. बोर्ड असलाच तर दीड तासापुरता दाराला लटकवतात आणि मीटिंग संपली की काढून घेतात. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने जातो आणि आत काय चालतं ते त्याला कळत नाही.

म्हणून पत्ता शोधत फिरू नका. आधी फोनवर एक माणूस गाठा, पत्ता तोच देईल. हे कसं करायचं, वाटेत काय अडतं आणि जवळपास मीटिंगच नसेल तर काय करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. पण त्याआधी एक गोष्ट, कारण ती चुकली तर जीव जातो.

एकदम बंद करण्याआधी शरीराचं बघा

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, चहाचा कप बशीवर वाजतो आणि एक नव्वदी पोटात गेली की थरथर थांबते. असं होत असेल तर शरीर दारूवर टेकलेलं आहे. अशा माणसाने ‘आजपासून थेंबही नाही’ म्हणून घरात पडून राहणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत घाम, थरथर, मळमळ आणि बेचैनी सुरू होते, झोप उडते. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना त्याहून वाईट अवस्था येते. दिवस की रात्र ते कळत नाही, अंगावर मुंग्या-किडे चालताना दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं, ताप चढतो, छाती धडधडते. डॉक्टर हिला डीटी म्हणतात.

खेड्यात नेमकं इथं चुकतं. माणूस भिंतीशी बोलायला लागला की घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात, कुणी देवऋषाकडे नेतो, आणि उपचाराचे दोन मोलाचे दिवस निघून जातात. ही बाधा नाही. रोजची दारू अचानक बंद झाल्यावर मेंदूत उठलेलं वादळ आहे, आणि त्यावर औषध आहे. फिट आली, बरळणं सुरू झालं किंवा ताप चढला तर १०८ ला फोन करा.

म्हणून रोज पिणाऱ्याने मीटिंग शोधायची आणि त्याच आठवड्यात डॉक्टरलाही दाखवायचं. ग्रामीण रुग्णालयात सुरुवात करता येते. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. नागपूरला मेडिकल आणि मेयो, वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे, तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. डॉक्टरपुढे चार गोष्टी खऱ्या सांगा: रोज किती पिता, काय पिता, शेवटचा घोट किती वाजता घेतला, आणि पूर्वी सोडताना कधी फिट आली होती का. ‘कधीमधी घेतो’ असं सांगितलं तर औषधाचा डोस कमी पडतो आणि घरी आल्यावर फिट येते. हातभट्टी किंवा मोहाची पीत असाल तर तसं स्पष्ट सांगा. तिचा जोर प्रत्येक घाण्याला वेगळा असतो, म्हणून ग्लासाच्या मापावरून अंदाज बांधता येत नाही.

दोन गैरसमज घालवले पाहिजेत. पहिला, ‘सलाईन लावलं की दारू उतरते.’ सलाईनने दारूची सवय जात नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. ते दिल्याशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरकडे गेलात तरी ‘मी रोज पितो, बी-१ आधी द्या’ एवढं नक्की सांगा. दुसरा गैरसमज मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचा. त्या दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो.

आणि दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे पांढरं दिसू लागलं, तर तो मिथेनॉलचा संशय समजा. त्यात मीटिंग-बिटिंग काही नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. उशीर झाला तर दृष्टी जाते, जीवही जातो.

मीटिंगमध्ये काय असतं, काय नसतं

थोडक्यात सांगायचं तर दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तासभर ते दीड तास बसून एकमेकांचं ऐकतात. मेंबर होण्याची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड लागत नाही. जात, पक्ष, पंथ कुणी विचारत नाही. तिथं डॉक्टर नसतो, औषध देत नाहीत आणि भरतीही करून घेत नाहीत, म्हणून मीटिंग ही दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. शपथही घ्यायला लावत नाहीत. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सांगितलेल्या बारा टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला जसा उमगला तसा’ या शब्दांसह, त्यामुळे देव न मानणारेही तिथं बसतात.

आपल्याकडे माळ घालून किंवा गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत. ती वाट ज्याला लाभली त्याने ती धरून ठेवावी. मीटिंग तिच्या आड येत नाही. फरक इतकाच की प्रार्थनेत ‘काल रात्री मला प्यावंसं वाटलं’ हे मोठ्याने बोलायला जागा नसते, आणि मीटिंगमध्ये ती असते.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंगला फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तोच बसतो. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, डॉक्टर, आशाताई, कुणीही येऊन ऐकू शकतं. पहिल्यांदा भावाला सोबत न्यायचं असेल तर हा फरक फोनवरच विचारा. नाहीतर भाऊ बाहेर बाकड्यावर बसतो, अपमान झाल्यासारखं त्याला वाटतं आणि दुसऱ्या वेळी तो सोबत येत नाही.

फोन कुणाला, कधी आणि काय बोलायचं

सर्वांत खात्रीचा माणूस बहुधा तुमच्याच पंचक्रोशीत असतो, दोन-तीन वर्षांपासून न पिणारा, पूर्वी ज्याला सगळे बेवडा म्हणायचे तो. त्याला एकटं गाठून ‘दादा, तुम्ही कशी सोडली?’ एवढंच विचारा. तो मीटिंगला जात असेल तर सोबत घेऊन जाईल. जात नसेल तरी कुठल्या दवाखान्यात गेला होता ते सांगेल.

असा कुणी नसेल तर मोबाइलवर ‘एए जीएसओ इंडिया’ शोधा. भारतात एए १९५७ पासून आहे आणि तिचं मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्याकडे राज्य आणि शहरानुसार समूहांची माहिती मिळते. विदर्भासाठी आधी तुमच्या जिल्ह्याचं ठिकाण बघा, मग नागपूर आणि अमरावती. नागपूरच्या मेंबरला आसपासच्या जिल्ह्यांत नवीन काय सुरू झालं, काय बंद पडलं, हे यादीपेक्षा जास्त ठाऊक असतं. दुसरा नंबर १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. तिथं उपचार केंद्रांची माहिती मिळते. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे, तीही मोफत आणि मराठीत.

मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाला ‘इथं एएचे मेंबर येतात का?’ असा प्रश्न विचारायला विसरू नका. काही दवाखान्यांत मेंबर रुग्णांशी बोलायला येतात, आणि त्यांचा नंबर समाजसेवकाच्या वहीत असतो. गडचिरोली जिल्ह्यात असाल तर २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाच्या तालुका क्लिनिकमध्ये जा. तिथलं काम एएपेक्षा वेगळं आहे, पण गावाच्या जवळ आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्धा जिल्ह्यातही बंदी आहे, त्यामुळे ‘पितो म्हणून सांगितलं तर पोलीस येतील’ ही भीती तिथं खूप दिसते. उपचाराला आलेल्याची माहिती गुप्त ठेवणं हे दवाखान्यावर बंधनकारक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात तो तुमचा हक्क म्हणून लिहिला आहे, आणि दारूचं व्यसनही त्या कायद्यात येतं.

फोनवर काय बोलायचं या विचाराने लोक आठवडे घालवतात. एवढं पुरे:

‘नमस्कार जी. मले दारू सोडाची आहे. मी राळेगाव तालुक्यातून बोलून रायलो. जवळची मीटिंग कुठी असते?’

पलीकडचा माणूस बहुतेक विचारेल, ‘दादा, आज पेले का?’ तो हजेरी घेत नाही. तुम्ही शुद्धीत ऐकता आहात का आणि तब्येत कशी आहे, एवढं त्याला जाणून घ्यायचं असतं. खरं सांगा. पिऊन फोन केला असेल तरी तो बोलेल, पण सांगितलेलं सकाळी आठवणार नाही. म्हणून सकाळी पुन्हा करा.

कागद-पेन घेऊन बसा आणि हे विचारून लिहा: वार आणि वेळ. खोली नेमकी कुठली, कुणाच्या मागे, कुठल्या मजल्यावर. मीटिंग खुली की बंद. भाषा मराठी की हिंदी. या आठवड्यात नक्की आहे ना, की सणामुळे बंद? स्टँडपासून किती लांब? आणि शेवटी, दारात मला ओळखणारं कुणी असेल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पहिल्यांदा आलेली माणसं दारापर्यंत येऊन परत जातात. ‘मी निळा शर्ट घालून गेटवर उभा राहतो’ असं कुणी सांगितलं असेल तर पाय मागे फिरत नाही.

फोन उचलला नाही तर हिरमुसू नका. हे लोक पगारी नसतात. कुणी शिक्षक असतो, कुणी कंडक्टर, कुणी दुकानात बसलेला. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सात ते नऊ फोन लागण्याची शक्यता जास्त. न उचलल्यास व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘दारू सोडायची आहे, मीटिंगची माहिती हवी, सोयीने फोन करा.’ बायको-मुलांच्या हातात फोन असेल आणि त्यांना अजून सांगितलं नसेल तर ‘फोन नको, मेसेज करा’ असंही लिहा. जुन्या यादीतला पत्ता घेऊन थेट जाऊ नका. शाळेने खोली परत मागितली की समूह जागा बदलतो, वारही बदलतो, आणि यादीत ते उशिरा येतं. साठ किलोमीटर जाऊन कुलूप पाहिलेला माणूस बहुतेक वेळा त्याच रस्त्यावर परत पितो. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोन.

एसटीचं गणित

खेड्यातला माणूस मीटिंगला जात नाही याचं कारण दर वेळी इच्छा कमी असणं हेच नसतं. पुष्कळदा परतीची गाडी नसते. समजा गावापासून तालुका १८ किलोमीटर, तालुक्यापासून जिल्हा ४५. मीटिंग जिल्ह्याला संध्याकाळी ६ ते ७:३०. गावाला जाणारी तालुक्याची शेवटची गाडी सव्वाआठला सुटते. म्हणजे रात्र बाहेर काढावी लागणार, आणि रात्र बाहेर काढणं म्हणजे बहुतेकांसाठी पिण्याची रात्र.

यावर चार मार्ग आहेत. सकाळची किंवा दुपारची मीटिंग शोधा. मोठ्या शहरात रविवारी ती मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि कामाची मजुरीही बुडत नाही. दुसरा मार्ग, मीटिंग सुरू होताच चेअरमनला ‘मला पावणेसातची गाडी आहे’ असं सांगा आणि लवकर निघा. अर्धी मीटिंगही मीटिंगच असते, आणि तिथं कुणी वाईट मानत नाही. तिसरा, त्या वाटेने घरी जाणारा मेंबर असेल तर त्याच्या गाडीवर या. चौथा, महिन्यात दोन मीटिंग प्रत्यक्ष आणि बाकीच्या फोनवर. पिणाऱ्या मित्राच्या मोटरसायकलवर मात्र जाऊ नका. परत येताना तो कुठं थांबतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

खर्च आधी मोजा आणि घरात सांगा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. बायको सोबत येणार असेल तर दोघांचं मिळून दीड तिकीट धरा. तिकिटापुरतेच पैसे खिशात ठेवा. कापसाचा किंवा सोयाबीनचा पैसा हातात आला त्या दिवशी जायचं असेल तर तो आधी घरी किंवा बँकेत जाऊ द्या.

आता स्टँड. मीटिंगच्या आधीचा किंवा नंतरचा एक रिकामा तास हा सर्वांत नाजूक. गाडी अर्ध्या तासाच्या फरकाने जुळेल अशी निवडा. मोकळा वेळ असेल तर बाहेरच्या ठेल्यांपाशी नको, स्टँडच्या आत चौकशीच्या खिडकीजवळ बसा. पिशवीत फुटाणे, गुळाचा खडा, घरची भाकर ठेवा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांतून पिण्याची ओढ उठते, आणि संध्याकाळी सहाला स्टँडवर बसलेल्या माणसाला ते चारही एकदम असतात. त्यातली भूक तरी भाकरीने मिटते.

खोलीत पाऊल टाकल्यावर

दहा-पंधरा खुर्च्या, बहुतेक गोलात किंवा समोरासमोर. एका टेबलावर पुस्तकं आणि पत्रकं. भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता टांगलेला असतो. कधी तो कापडी असतो, सुतळीने खिळ्याला अडकवलेला आणि मीटिंगनंतर गुंडाळून पिशवीत जाणारा. आलेल्याचा कुणीतरी हात हातात घेतो. ‘पहिल्यांदा आले का?’ असं विचारतात. हो म्हणा. हो म्हटल्याने तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही. उलट त्या दिवशीची मीटिंग तुमच्यासाठी वळवली जाते आणि मेंबर आपली सुरुवातीची हकिगत सांगतात.

सुरुवातीला काही क्षण शांतता किंवा प्रार्थना, मग ओळख वाचून दाखवतात, मग शेअरिंग. प्रत्येक जण ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणून सुरू करतो. पाच-सात मिनिटं बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘असं का केलं’ विचारत नाही. तुमची पाळी आली तर फक्त नाव सांगून ‘आज ऐकायला आलो’ म्हटलं तरी चालतं. आडनाव सांगायची गरज नाही. विदर्भात आडनावावरून जात ओळखतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणून बिनआडनावाची ही रीत इथं विशेष उपयोगाची आहे असं आम्हाला वाटतं.

शेवटी एक डबा किंवा टोपी फिरते. खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकं यांसाठी मेंबर जे जमेल ते टाकतात. बाहेरची देणगी एए घेत नाही. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकायचं नसतं, डबा पुढे सरकवा.

मीटिंग संपली की लगेच निघू नका. गाडी असेल तरी पाच मिनिटं थांबा. खरं काम त्या चहाच्या वेळी होतं. दोन मेंबरांचे नंबर घ्या, एक तुमच्या वयाचा आणि एक जुना, आणि तिथंच मिस्ड कॉल देऊन सेव्ह करा. घरी जाऊन चिठ्ठीवरचा नंबर टाकायचा राहून जातो. मोबाइलमध्ये नाव ‘एए’ लावायची लाज वाटत असेल तर ‘बियाणेवाले भाऊ’ लावा, पण नंबर हवाच.

निर्णय पहिल्या मीटिंगवर घेऊ नका. कधी तीनच माणसं येतात, कधी एक जण फार लांबण लावतो, कधी सगळं हिंदीत चालतं. निदान सहा मीटिंग करा, जमल्यास दोन वेगवेगळ्या समूहांत. पहिल्या ९० दिवसांत जितक्या होतील तितक्या करा. शहरातले लोक रोज जातात. खेड्यातल्याने आठवड्याला एक मीटिंग आणि रोज एका मेंबरला फोन, हे माप धरावं.

कुणी पाहिलं तर

तालुक्याला मीटिंगच्या दारात गावचा माणूस भेटला तर? तो आत येत असेल तर तोही त्याच कारणाने आला आहे, आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच राहतं हा तिथला नियम आहे. तो नुसता रस्त्यावरून जात असेल तर ‘कामाने आलो होतो’ एवढं पुरे. फार संकोच असेल तर शेजारच्या तालुक्यातला समूह निवडा. तुम्ही काय सांगायचं ते तुमच्या हातात आहे. दुसऱ्याला तिथं पाहिलं हे मात्र घरी बायकोलाही सांगायचं नाही.

पिणाऱ्या स्त्रियांसाठी ही लाज दसपट असते. गावाला पुरुषाचं पिणं चालतं, बाईचं चालत नाही, म्हणून ती लपून पिते आणि मदतीला फार उशिरा येते. फोनवर ‘मला महिला मेंबरशी बोलायचं आहे’ असं सरळ मागा. महिलांच्या ऑनलाइन मीटिंगही असतात. पुरुषांनीच भरलेल्या समूहात जायचं असेल तर खुल्या मीटिंगला बहिणीसोबत जावं.

घरच्यांसाठी

बायकोने किंवा आईने नवऱ्याच्या, मुलाच्या वतीने एएला फोन केला तर उत्तर बहुतेक एकच मिळतं, ‘ताई, त्यांनाच बोलू द्या.’ हे ऐकून बाया नाराज होतात, पण ते बरोबर आहे. घरच्यांसाठी वेगळा समूह आहे, अल-ॲनॉन. घरातला माणूस पीत असो वा नसो, तिथं जाता येतं. समूह लांब असेल तर त्यांच्याही फोनवरच्या मीटिंग शोधता येतात. तिकडे जाण्यासाठी नवऱ्याची परवानगी किंवा त्याचं आधी सुधारणं लागत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. ‘न कळत भाजीत मिसळा, आठ दिवसांत दारू सुटेल’ असल्या पुड्या आणि गोळ्या आणू नका. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. शेवटच्या घोटाला निदान १२ तास झाल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे सगळं माहीत असलेल्या आणि कबूल असलेल्या माणसालाच डॉक्टर ते देतात. न सांगता दिलं तर तो नेहमीसारखा पितो आणि जिवाला मुकू शकतो. वर ‘घरच्यांनीच मला विष घातलं’ हे त्याच्या मनात बसतं, आणि मग तो कुठल्याच उपचाराला तयार होत नाही.

तसंच केंद्राचं. गाडी पाठवून माणसाला झोपेतून उचलून नेणारी, आगाऊ मोठी रक्कम मागणारी, घरच्यांना महिनाभर भेटू न देणारी, मारहाण किंवा साखळीचा वापर करणारी केंद्रं टाळा. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई आहे. डॉक्टर कोण, तो रोज येतो का, नोंदणीचा कागद कुठं आहे, हे तिन्ही दाखवा म्हणावं. न दाखवणाऱ्याकडे माणूस ठेवू नका.

जवळ मीटिंगच नसेल तर

ऑनलाइन मीटिंग मराठीत आणि हिंदीत होतात. नागपूरच्या मेंबरकडून लिंक आणि वेळ घ्या. गावात रेंज येत नसेल तर मळ्याच्या धुऱ्यावर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथं दोन कांड्या येतात तिथं बसा. व्हिडिओ बंद ठेवा, डेटा कमी जातो आणि चेहराही दिसत नाही. इअरफोन लावा. नावाच्या जागी मोबाइलमध्ये सेव्ह असलेलं पूर्ण नाव आपोआप दिसतं, ते आधी बदला.

ऑनलाइनवर दोन-तीन महिने न पिता काढले आणि आसपास आणखी एक जण तयार असेल, तर समूह सुरू करता येतो. दारू थांबवण्यासाठी एकत्र आलेले दोन-तीन अल्कोहोलिकसुद्धा स्वतःला एएचा समूह म्हणू शकतात, अट इतकी की समूह म्हणून त्यांचा दुसऱ्या कशाशी संबंध नसावा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन असे दोघेच बोलत बसले होते. तिथूनच हे सुरू झालं.

जागा निवडताना सरपंचाची ओसरी किंवा पक्षाचं कार्यालय नको. उद्या निवडणूक आली की अर्धे लोक येणं बंद करतात. प्राथमिक आरोग्य केंद्राची खोली, शाळेचा वर्ग किंवा समाजभवन बघा, आणि थोडं का होईना भाडं द्या, म्हणजे उपकार राहत नाही. वार तालुक्याच्या बाजाराचा ठेवा. त्या दिवशी गाड्या जास्त असतात आणि ‘बाजाराला गेलो’ म्हणून येता येतं. वेळ दुपारी दोनची, म्हणजे सगळ्यांना परतीची गाडी मिळते. किल्ली दोघांकडे द्या. एकाच्याच हातात असलेल्या किल्लीने कितीतरी समूह बंद पडले आहेत, कारण तो लग्नाला गेला की दार बंद. पुस्तकं मराठीत मिळतात, दोन-तीन पुरतात. मग मुंबईच्या कार्यालयात नोंद करा आणि वैद्यकीय अधिकारी, आशाताई आणि पोलीस पाटील यांना फक्त वार, वेळ, जागा आणि एक फोन नंबर सांगा. मेंबरांची नावं त्यांनाही नाहीत. पहिले दोन-तीन महिने कधी एकटंच बसावं लागेल. तेव्हाही पूर्ण तास दार उघडं ठेवा, कारण कुणीतरी दुरून पाहत असतो.

अवघड दिवस आणि पाय घसरला तर

विदर्भाचं वर्ष माहीत असलेल्याला अवघड दिवस आधीच सांगता येतात. पोळ्याची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. सोयाबीन आणि कापसाचे पैसे हातात येतात ते दिवस. मोहफूल वेचायचे मार्च-एप्रिल. होळी. उन्हाळ्यातली लग्नं, तिथं मांडवामागे गाडी उभी असते. या दिवसांच्या आदल्या दिवशी मीटिंग किंवा फोन ठरवून ठेवा. वरातीत जायचं नाही, जेवणाला थेट पंगतीत बसायचं आणि घरी परतायचं. कुणी आग्रह केला तर ‘गोळ्या चालू आहेत’ हे एक उत्तर पाठ असू द्या.

एवढं करूनही घसरण होऊ शकते. घसरलेला माणूस मीटिंगला जायचं थांबवतो, कारण ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ’. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलमधल्या त्या जुन्या मेंबरला फोन लावा आणि ‘काल प्यालो’ एवढे दोन शब्द सांगा. पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, कारण थरथर, फिट आणि डीटीचा धोका पुन्हा तितकाच असतो. मग पुढच्या मीटिंगला नेहमीच्या गाडीने जा आणि नेहमीच्या खुर्चीवर बसा. दिवस पहिल्यापासून मोजतात, आणि त्या खोलीत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते कधी ना कधी पहिल्यापासून मोजलेले असतात.